कर्नल नसलेले कुळथेकाका

अशोकचा फोन आला तेव्हा रविवारची सकाळ होती आणि मी इडलीचं पीठ पात्रात घालत होते. "वहिनी, बाबा गेले. झोपेतच. चहाला उठवायला गेलो तर..." एवढंच तो बोलला. मी फोन ठेवला आणि ह्यांना हाक मारून सांगितलं, "अहो, कर्नल गेले." आणि सांगता सांगताच स्वतःचा राग आला. निदान आज तरी त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची की नाही? कुळथेकाका गेले. माधव रघुनाथ कुळथे. हे नाव आमच्या न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी घरांत सांगितलं तर "कोण हो हे?" असं विचारतील, आणि 'कर्नल' म्हटलं की लहान पोरंसुद्धा मान डोलावतील. गंमत म्हणजे ते कर्नल कधीच नव्हते. कॅप्टन नव्हते, लेफ्टनंट नव्हते, आयुष्यात घोड्यावरही कधी बसले नव्हते. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात चार ओळींची श्रद्धांजली छापून आली, तीही 'कर्नल' याच नावाने. म्हणून हे लिहायला बसले.

काकू गेल्यानंतर अशोकने त्यांना पुण्याहून इथे आणलं, त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. आमची पहिली भेट मंडळाच्या उन्हाळी जेवणाला झाली. चर्चच्या तळघरातला हॉल, बाहेर जुलैचा उकाडा, सगळे घामाने निथळलेले, आणि दाराच्या चौकटीला एका खांद्याने टेकून एक उंच, काटकुळा म्हातारा लोकरीच्या कोटात उभा. उभं राहणं म्हणजे एक कंटाळवाणं काम आपल्या गळ्यात पडलंय, अशा थाटात उभा. कोटाच्या बाहीत रुमाल खोचलेला, नजर समोरच्या माणसाच्या डोक्याच्या वीतभर वर. मी भज्यांची बशी पुढे केली. त्यांनी ती निवांतपणे घेतली आणि म्हणाले, "आय से... हाऊ फ्वाइटफुली डीसंट ऑफ यू, व्हॉट?" माझं इंग्रजी सांगलीचं. त्यात अमेरिकेच्या दहा वर्षांनी जो काही रंग चढला असेल तो. पण 'र'चा असा 'व' मी जन्मात ऐकला नव्हता. मी नाव विचारलं, तर छताकडे बघत म्हणाले, "ओह... नेव्हर माइंड दॅट." शेजारी आमचे दाताचे डॉक्टर पाध्ये उभे होते. ते मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "बघितलंस? नाव सांगायचेसुद्धा कष्ट नकोत. काय कर्नल आहे, यार!" झालं. तेव्हापासून कर्नल.

काकांनी स्वतः कधी एक अक्षर खोटं सांगितलं नाही, हे आवर्जून लिहायला हवं. कुणी विचारलं, "तुम्ही घोडदळात ऑफिसर होतात ना?" तर ते म्हणत, "गुड लॉर्ड, नो." पण ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला वाटे, बघा, केवढा विनय! खरं म्हणजे ते नगरच्या कँपात घोडदळाच्या एका पलटणीच्या ऑफिसात कारकून होते. विशीत लागले, साहेब मायदेशी परत जाईपर्यंत तिथेच होते, आणि पुढे पुण्याला सरकारी हिशेबखात्यात निवृत्त झाले. साहेब गेले, पण साहेबांचं बोलणं ह्यांच्या तोंडात राहून गेलं. 'मॉर्निन', 'ईटिन', 'गोइन', शेवटचा 'ग' टाकून दिलेला. वाक्य सुरू करायचं आणि पुरं करणं हे नोकरचाकरांचं काम असल्यासारखं मध्येच सोडून द्यायचं. कितीही मोठं संकट आलं तरी ते 'वॉदर अ बोर', म्हणजे जरा कंटाळवाणंच. एका हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्याने अशोकच्या गॅरेजचं छप्पर खाली आलं, नवीकोरी गाडी चेपली. अशोक डोकं धरून बसला होता, आणि काका खिडकीतून बघून म्हणाले, "अ बिट ऑफ अ न्यूसन्स." मराठीसुद्धा तसंच. "चहा... म्हणजे... असेल तर... व्हॉट?" आम्ही बायका हसून बेजार व्हायचो. पोस्टमन मात्र त्यांना सलाम ठोकायचा आणि बँकेतली बाई खुर्चीवरून उठून उभी राहायची. अमेरिकन लोकांना अशा बोलण्याचं भारी अप्रूप.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी नकलांचा कार्यक्रम होतो आणि माझी नक्कल नसेल तर लोक विचारतात. मला ती कला आहे आणि तिचा मला गर्वही होता. एका वर्षी मी कर्नलची नक्कल केली. ह्यांचा कोट घातला, बाहीत रुमाल खोचला, माइकच्या दांडीला खांद्याने टेकले आणि गणपतीच्या डोक्यावरून नजर टाकून म्हटलं, "आय से... बाप्पा... मोदक... वॉदर स्टिकी, व्हॉट?" शाळेचं अख्खं सभागृह हसून कोसळलं. पाध्ये तर खुर्चीवरून घसरले. तिसऱ्या रांगेत अशोक मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी काका स्वतः, संथपणे टाळ्या वाजवत. कार्यक्रम संपल्यावर ते पडद्यामागे आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाले, "फर्स्ट वेट, शालिनीबाई. पण तुमची... थांबायची जागा चुकते. तुम्ही शब्द झाल्यावर थांबता. थांबायचं... शब्दाच्या आधी." मला ती रसिकाची सूचना वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण मी घरी येऊन आरशासमोर तसा सरावसुद्धा केला.

आमची मेघना तेव्हा दहा वर्षांची होती. ती पाचव्या वर्षापासून अडखळत बोलायची. 'म' आणि 'प' आले की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. सासूबाईंनी सांगलीहून वेखंड पाठवलं, ते मधात उगाळून जिभेला लावून झालं. शाळेत आठवड्यातून एकदा एक बाई तिला वेगळ्या खोलीत घेऊन बोलण्याचे धडे देत. घरी अथर्वशीर्ष म्हणताना मात्र ती कधीच अडखळत नसे. त्यामुळे येणारा-जाणारा म्हणायचा, "स्तोत्र कसं घडाघडा म्हणते! मग बोलतानाच काय धाड भरते?" मीही म्हणायचे. आई असून म्हणायचे. तिचा शब्द अडला की मी तो पटकन पुरवायची. दुकानात मी बोलायची, फोन मी घ्यायची, तिच्या मैत्रिणींना उत्तरं मी द्यायची. मला वाटायचं, मी तिला वाचवते आहे. होता होता ती शाळेत बोलायचीच बंद झाली. हात वर करणं नाही, मधल्या सुट्टीत कुणाशी गप्पा नाहीत. तिच्या बाईंची चिठ्ठी आली की मुलगी पूर्ण गप्प झाली आहे, आम्हाला काळजी वाटते. ती चिठ्ठी मी डब्याखाली दडपून ठेवली होती आणि त्याच आठवड्यात मी स्टेजवर कर्नलची नक्कल करत होते.

पुढच्या शनिवारी काका प्रसादाचा डबा परत करायला घरी आले. दार मेघनाने उघडलं. त्यांनी तिला नाव विचारलं आणि तिचे ओठ मिटले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मेघना! मेघना नाव तिचं, काका, या आत!" ते आत आले. आणि पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्या डोक्यावरून न जाता सरळ माझ्या डोळ्यांत आली. "मी... तिला विचारलं होतं," ते म्हणाले. नुसतं एवढंच. मेघना जिना चढून वर निघून गेली. मग ते टेबलाशी बसले, मी चहा ठेवला, आणि ते बोलायला लागले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. "क... क... क..." त्यांचा जबडा थरथरत होता. मला कळेचना काय होतंय, मला वाटलं अर्धांगाचा झटका आला. मी फोनकडे धावणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खूप वेळाने शब्द बाहेर आला. "कुळथे." त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलं होतं.

त्या दुपारी मला सगळं कळलं. सांगायला त्यांना दोन तास लागले, मध्ये मध्ये ते साहेबी बोलण्याचा आधार घेत आणि पुन्हा तो सोडून देत. शाळेत त्यांनी या अडखळण्यापायी मार खाल्ला होता. नोकरीच्या तीन मुलाखतींत नाव सांगता आलं नाही म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. नगरला चिकटले ते अक्षर सुंदर होतं म्हणून. तिथे रोज सकाळी किती माणसं हजर, किती आजारी, हे साहेबापुढे तोंडी सांगावं लागे. पहिल्या दिवशी ते उभे राहिले, शब्द अडला... आणि साहेबाला त्यात काही वावगं वाटलंच नाही! कारण साहेब स्वतः तसाच बोलायचा. तो कुठल्याशा लॉर्डचा धाकटा मुलगा होता, आणि त्या लोकांत घाईने, धडधडीत बोलणं हे दुकानदाराचं लक्षण मानलं जाई. खानदानी माणूस शब्द शोधतो, वाटेत थांबतो, 'आय से' म्हणतो, बाहीतून रुमाल काढतो, परत खोचतो. घोडे जाऊन रणगाडे यायच्या बेतात होते, पण बोलणं अजून खोगिरावरच होतं. एक मेजर तर असा होता की त्याने मोतद्दाराला हुकूम सांगायला सुरुवात करावी आणि हुकूम संपेपर्यंत घोड्याची चंदी खाऊन व्हावी. "त्यांची ती फॅशन होती," काका म्हणाले. "माझा तो... आजार होता. पण दिसायला... सारखंच." विशीतल्या त्या कारकुनाने मग ते सगळं बारकाईने उचललं. 'र'चा 'व' केला की 'र' अडत नाही. शब्दाआधी 'आय से' घातलं की पुढचा शब्द निसटतो. वाक्य पुरं होणार नाही असं वाटलं की सोडून द्यायचं, लोक त्याला ऐट समजतात. आणि माणसाच्या डोळ्यांत बघायचं नाही, कारण तिथे दया दिसते. मी केलेली नक्कल ही एका नकलेची नक्कल होती आणि आम्ही सगळे मिळून एका माणसाच्या अडखळण्याला हसत होतो. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "नॉन्सेन्स. तुम्ही... फसलात, म्हणजे माझं काम चोख होतं."

मग दर शनिवारी ते मेघनाला शिकवायला येऊ लागले. मीच गळ घातली होती. आमच्या बैठकीच्या खोलीत पलटण भरायची. लॉर्डचा मुलगा, मेजर, 'र' न येणारा म्हातारा कर्नल, सगळे काका करून दाखवत आणि मेघना खदखदून हसत त्यांच्या मागोमाग म्हणे. फ्रिजला खांदा टेकून कसं उभं राहायचं, रुमाल किती बाहेर ठेवायचा, सगळं. आणि खरंच, तिच्या तोंडून शब्द निघू लागले! शाळेत प्रत्येकाला एका राज्याची माहिती वर्गापुढे सांगायची होती, तिच्या वाट्याला व्हर्माँट आलं होतं. ती उठली आणि घोडदळाच्या थाटात "आय से, व्हर्माँट... वॉदर हिली, व्हॉट?" करत सगळं सांगून मोकळी झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पोरं तिला 'ब्रिटिश' म्हणू लागली आणि तिला ते फार आवडलं. मी आयसेलिनच्या देशी दुकानांत जाऊन पेढे आणले आणि घरोघर वाटले. कारण कुणालाच सांगितलं नाही.

तीनेक महिने असे गेले. एका शनिवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, काकाही होते. मेघनाने वाटी पुढे केली आणि माझ्या डोक्यावरून बघत म्हणाली, "आय से, मम्मी... द आमटी... वॉदर..." आणि वाक्य सोडून दिलं. आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी चमचा खाली ठेवला. जेवण झाल्यावर मला मागच्या अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "शिकवणी बंद." मी म्हटलं, "अहो काका, असं काय करता? पोरगी बोलायला लागलीय!" त्यावर ते जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. अडखळत, एकेका शब्दाशी झगडत त्यांनी सांगितलं की हा कोट घरी गेल्यावरही काढता येत नाही. एकदा घातला की आत कोण आहे हे कुणाला दाखवायची हिंमत उरत नाही. बायकोशीसुद्धा ते तसेच बोलत राहिले, नजर चुकवून, अर्धी वाक्यं सोडून. चौतीस वर्षं. "तिला वाटायचं... मला तिच्याशी बोलायचा... कं... कंटाळा आहे." काकू जायच्या आधी दोन दिवस म्हणाल्या होत्या, मी तुमच्या तोलाची नव्हते, तुमचं माझ्याशी कधी बोलणंच झालं नाही. तेव्हाही त्यांच्याने खरं सांगवलं नाही. शब्द अडेल, ही भीती. मी पदराने डोळे पुसत राहिले, आणि त्यांनी बाहीतला रुमाल काढून मला दिला. तो चांगलाच वापरलेला, साधा, चौकडीचा रुमाल होता.

पुढच्या शनिवारी ते मेघनाला आणि मला हायवेवरच्या एका पॅनकेकच्या दुकानात घेऊन गेले. दाराशी ही गर्दी. वही घेऊन उभी असलेली मुलगी नाव लिहून घेत होती, नंबर लागला की नाव पुकारत होती. मी सवयीने पुढे सरसावले. काकांनी मला मागे राहायची खूण केली. मुलीने विचारलं, "नेम?" आणि ते सुरू झाले. 'आय से' नाही, 'व्हॉट' नाही. "क... क... कु..." कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळावर घाम आला. मागचा माणूस घड्याळ बघू लागला. मुलगी भलतीच कळवळून म्हणाली, "सर, यू वाँट टू राइट इट डाउन?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. पंचेचाळीस वर्षं झाकून ठेवलेलं अडखळणं त्या माणसाने तिथे उभ्या गर्दीत, दिवसाउजेडी, एका दहा वर्षांच्या मुलीसाठी उघडं केलं. नाव आलं. मग मेघनाकडे हात करून ते म्हणाले, "हर नेम टू, प्लीज." खरं तर एकच नाव लागत होतं. मेघनाने त्यांच्याकडे बघितलं, ते तिच्याकडे बघत होते, थेट डोळ्यांत, अजिबात न हलता. ओठ मिटले, मान ताणली... मला तो वेळ सोसवेना, मी बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिले. त्यामुळे तिने नाव कसं सांगितलं ते मी ऐकलंच नाही.

पुढची साडेतीन वर्षं त्यांचा शनिवारचा नेम चुकला नाही. कधी आइस्क्रीमचं दुकान, कधी वाचनालय, कधी नुसतीच बाकावर बसून बडबड. मेघनाचं अडखळणं गेलं का? नाही. आजही आहे. काही दिवस बरे, काही वाईट. तिच्या शाळेतलं 'ब्रिटिश' कौतुकही संपलं, दोन मुलींनी चिडवलं, ती रडली, आणि मी काकांवर चिडले की बरं चाललेलं कशाला मोडलंत. ते ऐकून घेत. बाहेरच्या जगात ते स्वतः बहुतेक वेळ कर्नलच राहिले. इतक्या वर्षांची सवय कुठे जाते? पोस्टमन सलाम ठोकत राहिला. पण मेघनाशी आणि पुढे पुढे अशोकशीही ते आपल्या आवाजात बोलत. अशोक मला म्हणाला, "वहिनी, मला चाळिशीला येताना बाबा भेटले."

अंत्यविधीला हॉल भरला होता. इथल्या रीतीप्रमाणे आधी लोकांनी चार शब्द बोलायचे होते. पाध्ये बोलले, कर्नलसाहेबांचा रुबाब वगैरे. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी लिहून आणलेला कागद उघडत होते, तेवढ्यात शेजारून मेघना उठली. चौदा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच. मला सांगितलं नाही, विचारलं नाही. पुढे जाऊन उभी राहिली आणि कुणाच्याही डोक्यावरून न बघता, मराठीत बोलायला लागली. मराठी तिला जास्त जड जातं. "क... काका मला कधी घाई नाही करायचे. एव्हरीबडी हरीज मी. काका माझ्यासाठी था... था..." आणि शब्द अडला. ओठ, मान, डोळे, सगळं ते जुनं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. तो शब्द तिथल्या प्रत्येकाला माहीत होता. माझ्या तर जिभेवर होता, गेली नऊ वर्षं तिचे सगळे शब्द माझ्या जिभेवर तयार असत. पुढच्या रांगेतून पाध्येकाकू मायेने, हळूच म्हणाल्या, "थांबायचे." मेघनाने त्यांच्याकडे बघून मान हलवली. तो शब्द तिने घेतला नाही. श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "काका माझ्यासाठी था... था..." मी ओठ घट्ट मिटून, तिच्या डोळ्यांत बघत बसून राहिले.